मैदानाच्या कडेचा माणूस

शाळेत इतिहास शिकवायला लागून मला वीस वर्षे होऊन गेली. दरसाल दिवाळीच्या तोंडावर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी ओसरीवर बसतो. आत चकलीचे तळण चाललेले असते आणि बाहेर मी पानिपतावर लाल शाईने गुण देत असतो. सेनापती कोण, मुलांनी अचूक लिहिलेले असते. तह कोणी केला, तेही लिहिलेले असते. त्या लाखभर घोड्यांना नाल कोणी ठोकले, जखमींच्या जखमा कोणी बांधल्या, हे मात्र मी कधी विचारत नाही आणि मुलेही कधी लिहीत नाहीत. प्रश्न नाही म्हणून उत्तर नाही, आणि उत्तर नाही म्हणून इतिहास नाही, असा हा सोपा हिशेब आहे.

या हिशेबात पहिली खोट काढली ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. नोकरीनिमित्त टोरांटोला स्थायिक झालेला हा मुलगा गेल्या मे महिन्यात गावी आला होता. पन्ह्याचा पेला हातात घेऊन तो तिकडच्या आइस हॉकीचे वर्णन करू लागला आणि रंगात येऊन त्याने मोबाइलवर एका सामन्याची चित्रफीत लावली. माझे लक्ष खेळापेक्षा एका भलत्याच माणसाकडे गेले. खेळाडूंच्या बाकामागे खांद्याला पिशवी लावून एक गृहस्थ उभा होता. गोल झाला, सारे नाचले. हा मात्र एका खेळाडूच्या गुडघ्याकडे टक लावून पाहत होता.

मी विचारले, "हा कोण रे?"

"तो ट्रेनर, गुरुजी."

"म्हणजे यांना शिकवणारा?"

"नाही. शिकवतो तो कोच. हा सांभाळतो."

'सांभाळतो' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. पुढचे चार महिने मी या सांभाळणाऱ्या माणसाचा मागोवा घेतला. मॅट्रिकपुढची माझी सारी विद्या अशीच हाताला लागेल ते वाचून मिळवलेली. त्यातून जे गवसले ते फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम खेळाविषयी. आपल्या ध्यानचंदांच्या हॉकीशी याचे नाते नावाचे आणि काठीचे. बाकी सारा मामला निराळा. दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद असे बर्फाचे अंगण, भोवती कुंपण, एका बाजूला सहा गडी. चेंडू नाहीच, त्याऐवजी कडक रबराची, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची चकती. तिला पक म्हणतात. फटका बसला की ती ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर वेगाने सुटते. गड्यांच्या बुटांखाली पोलादी पाती असतात. प्रत्येक पात्याच्या तळाला लांबीभर बारीक खोबण असते आणि तिच्यामुळे दोन धारदार कडा तयार होतात. या कडा बर्फात रुतल्या तरच वळता येते, थांबता येते. म्हणजे ज्या धारेवर हा खेळ उभा, तीच धार माणसाच्या अंगावर आली तर सुरीचे काम करते. हे लक्षात ठेवावे. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

छपराखालचा पहिला जाहीर सामना मॉन्ट्रियल शहरात ३ मार्च १८७५ रोजी झाला असे मानतात. त्या वेळी कॅनडाचे गव्हर्नर-जनरल होते लॉर्ड डफरिन. नाव ओळखीचे वाटले ना? हेच डफरिनसाहेब पुढे १८८४ च्या अखेरीस व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानात आले आणि त्यांच्याच अमदानीत डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईला काँग्रेसची पहिली बैठक भरली. इतिहासाचे धागे असे कुठून कुठे जातात पाहा! पुढे कॅनडाचे गव्हर्नर-जनरल झालेल्या लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये एक चांदीचा करंडक दिला. आज जगातल्या सर्वांत बलाढ्य व्यावसायिक संघांची जी नॅशनल हॉकी लीग आहे, तिचे संघ त्याच स्टॅन्ली कपासाठी झुंजतात. ही लीग १९१७ साली स्थापन झाली. आपल्याकडे लडाखात हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर हा खेळ हौसेने खेळला जातो. आपण दख्खनचे लोक मात्र बर्फ पाहतो तो उसाच्या रसात.

आता आपला माणूस. पूर्वीच्या काळी ट्रेनर म्हणजे संघाचा पडेल ते काम करणारा गडी. पात्यांना धार लावणे, फाटलेले हातमोजे शिवणे, घामाने चिंब झालेले कपडे वाळवणे, पेटारे बांधून आगगाडीत चढवणे ही सारी त्याची कामे. शिवाय मुरगळलेला पाय चोळायचा, सुजलेल्या खांद्यावर बर्फ धरायचा. आपल्या तालमीतला मालिशवाला, दवाखान्यातला कंपाउंडर आणि मोची या तिघांना एका सदऱ्यात घातले की जुना ट्रेनर तयार झाला! त्याच्याजवळ ना पदवी, ना सनद. हात आणि अनुभव एवढेच भांडवल.

पण वेळ आली की या माणसाला याहूनही अवघड काम करावे लागे. त्या काळी संघ एकच गोलरक्षक घेऊन उतरत असे. तो जायबंदी झाला की पंचाईत. ७ एप्रिल १९२८ रोजी मॉन्ट्रियलला स्टॅन्ली कपाच्या अंतिम लढतीत न्यूयॉर्क रेंजर्सच्या गोलरक्षकाच्या डोळ्याला पक लागला, तेव्हा ४४ वर्षांचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक स्वतः पॅड बांधून उभे राहिले आणि संघ जिंकला. ही गोष्ट तिकडे पोराटोरांना ठाऊक आहे. प्रशिक्षकाची गोष्ट लक्षात राहते. ट्रेनरची राहत नाही. म्हणून मी ती मुद्दाम सांगतो.

डेट्रॉइटच्या रेड विंग्ज संघाचा रॉस विल्सन नावाचा ट्रेनर होता. लोक त्याला 'लेफ्टी', म्हणजे डावरा, म्हणत. १९५० पासून १९८२ पर्यंत बत्तीस वर्षे त्याने त्या एका संघाची सेवा केली. गडी मोठा तोंडाळ. बाकावरून पंचांना चार शब्द ऐकवल्याशिवाय त्याला करमत नसे. सरावाच्या वेळी तो गोलात उभा राही, त्यामुळे ते काम त्याच्या अंगवळणी पडलेले होते. १० ऑक्टोबर १९५३ रोजी डेट्रॉइटचा प्रख्यात गोलरक्षक टेरी सॉचक जखमी झाला आणि विल्सन हातातले टॉवेल टाकून गोलात गेला. सोळा मिनिटे खेळला, एकही गोल होऊ दिला नाही.

खरी गंमत पुढेच आहे. पाहुण्या संघाचा गोलरक्षक पडला तर यजमानांनी माणूस द्यावा असा रिवाज होता. २२ जानेवारी १९५६ रोजी टोरांटोचा हॅरी लम्ली जायबंदी झाला आणि विल्सन टोरांटोच्या बाजूने आपल्याच संघाविरुद्ध तेरा मिनिटे उभा राहिला. २९ डिसेंबर १९५७ रोजी बोस्टनचा डॉन सिमन्स पडला. या खेपेला बावन्न मिनिटे! ज्यांचे बूट सकाळी त्याने स्वतः नीट केले, ज्यांचे खांदे चोळले, तेच गडी आता त्याच्यावर फटके मारीत होते. त्याने त्यांना फक्त एक गोल करू दिला आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. तीन वेगवेगळ्या संघांसाठी मिळून एक्याऐंशी मिनिटे आणि गोल एक, अशी ही लेफ्टी विल्सनची नॅशनल हॉकी लीगमधली सबंध कारकीर्द!

मला या बोस्टनच्या सामन्याचे फार नवल वाटते. त्याने थोडी ढिलाई केली असती तर कोणाला कळले असते? रोजची भाकर डेट्रॉइटची होती. पण ज्याच्या गोलात उभे राहिलो त्याचा गोल राखायचा, एवढे एकच व्रत त्याला ठाऊक असावे. पुढे साठीच्या दशकात प्रत्येक संघाने दोन गोलरक्षक आणावेत असा नियम झाला आणि ट्रेनरच्या आयुष्यातले हे साहस संपले.

विल्सनचे आणखी एक काम सांगितले पाहिजे. त्या काळी गोलरक्षक उघड्या तोंडाने उभे राहत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कला पक लागून जाक प्लांतचे तोंड फुटले. टाके घालून तो परतला तो मुखवटा चढवूनच, आणि तेव्हापासून मुखवट्याची प्रथा पडली. सॉचकने १९६२ च्या सुमारास जो मुखवटा वापरायला सुरुवात केली, तो घडवला होता लेफ्टी विल्सनने. सॉचकचा चेहरा त्यापूर्वी असंख्य टाक्यांनी शिवला गेला होता. जखमा बांधून कंटाळलेल्या माणसाने शेवटी जखम होऊ नये अशी वस्तू केली. सांभाळणे या शब्दाचा हा पुढचा अर्थ.

दरम्यान या धंद्याची प्रतिष्ठाही हळूहळू वाढत होती. १९५० साली अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे निरनिराळ्या खेळांतल्या ट्रेनरांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. अभ्यासक्रम निघाले, परीक्षा आल्या. पात्यांना धार लावणारा वेगळा आणि शरीर सांभाळणारा वेगळा, अशी कामाची वाटणी झाली. १९९० साली तिथल्या वैद्यक संघटनेने या व्यवसायाला वैद्यकाच्या सहव्यवसायाचे स्थान दिले. चाळीस वर्षे लागली! आणि त्या मान्यतेच्या एकच वर्ष आधी अशी एक घटना घडली, की पदवी मोठी की हात मोठा, हा प्रश्नच मिटावा.

२२ मार्च १९८९. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहर, मेमोरियल ऑडिटोरियम. बफेलो सेबर्स आणि सेंट लुईस ब्लूज यांचा सामना. पहिल्या डावाच्या अखेरीअखेरीस सेंट लुईसचा स्टीव्ह टटल आणि बफेलोचा उवे क्रुप एकमेकांत गुंतून वेगाने गोलावर येऊन आदळले. टटलचे पाऊल वर उडाले आणि पात्याची धार बफेलोचा गोलरक्षक क्लिंट मलार्चक याच्या गळ्यावरून गेली. मानेतली मोठी रक्तवाहिनी कापली गेली. पांढऱ्याशुभ्र बर्फावर काय दिसले असेल ते मी लिहीत नाही. सणाचे दिवस आहेत. प्रेक्षकांतले काही जण बेशुद्ध पडले, खेळाडूंना उलट्या झाल्या, दूरदर्शनवाल्यांनी कॅमेरे दुसरीकडे वळवले, एवढ्यावरून समजून घ्यावे.

अशा जखमेला वेळ मिळतो तो थोड्या मिनिटांचा. त्या मिनिटांत बर्फावर धावत आला तो संघाचा ट्रेनर जिम पिझुटेली. हा माणूस पूर्वी अमेरिकेच्या सैन्यात वैद्यकीय सेवक होता आणि व्हिएतनामच्या युद्धात त्याने काम केले होते. त्याने पट्टी शोधली नाही, पेटी उघडली नाही. सरळ जखमेत बोटे घालून वाहणारी रक्तवाहिनी चिमटीत धरली आणि डॉक्टरांच्या ताब्यात देईपर्यंत ती सोडली नाही. त्या बाजूच्या गोलाजवळच बाहेर जाण्याचे दार होते. मलार्चक, आश्चर्य वाटेल, आपल्या पायांनी बाहेर गेला. आई घरी दूरदर्शनवर सामना पाहत असेल, तिच्यादेखत बर्फावर मरायचे नाही, एवढेच त्याच्या मनात होते, असे त्याने पुढे सांगितले. तीनशेच्या आसपास टाके पडले. तो जगला, इतकेच नव्हे, दोन आठवडे व्हायच्या आत पुन्हा गोलात उभा राहिला. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला इथेच पूर्णविराम देण्याचा मोह होतो. पण इतिहास कादंबरीसारखा सोयीच्या ठिकाणी थांबत नाही.

मलार्चकचा गळा बरा झाला, मन झाले नाही. रात्र रात्र झोप नाही, तीच दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे, एकच गोष्ट शंभरदा तपासून पाहण्याचा आजार. 'मर्द गडी, दोन आठवड्यांत परतला' म्हणून जग टाळ्या वाजवीत होते. आत काय चालले आहे हे विचारण्याची रीतच त्या खेळात नव्हती. फेब्रुवारी २००८ मध्ये बफेलोलाच रिचर्ड झेडनिक नावाच्या खेळाडूचा गळा आपल्याच सोबत्याच्या पात्याने कापला गेला. तो स्वतः सरकत बाकापर्यंत आला, त्याच्या संघाच्या ट्रेनरने जखम दाबून धरली आणि तो वाचला. या घटनेने मलार्चकची जुनी जखम उघडली. त्याच वर्षी त्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने तो त्यातूनही बचावला, त्याने उपचार घेतले आणि २०१४ साली आपली सारी कहाणी पुस्तक लिहून जगापुढे मांडली. मनाच्या दुखण्याची लाज बाळगू नका, असे तो पुढे ठिकठिकाणी जाऊन सांगू लागला. पिझुटेलीची बोटे रक्तवाहिनीपर्यंत पोहोचली. मनापर्यंत पोहोचायला दुसरेच हात हवे होते, आणि ते यायला एकोणीस वर्षे लागली.

दुसरी गोष्ट याहून कटू आहे. १९८९ साली मलार्चक वाचला, २००८ साली झेडनिक वाचला, आणि बड्या व्यावसायिक लीगनी गळा झाकण्याची सक्ती काही केली नाही. काही देशांत, विशेषतः मुलांच्या खेळात, असे नियम आधीच आले होते. पण मोठ्यांना पट्टा टोचतो, गरम होते! २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडातील शेफील्ड येथे ॲडम जॉन्सन हा नॉटिंगहॅमचा खेळाडू अशाच जखमेने मरण पावला. तेव्हा मात्र आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या सर्व स्पर्धांत गळपट्टा सक्तीचा केला आणि एकामागून एक संघटना जाग्या झाल्या. सांभाळणारा यशस्वी झाला की बाकीचे निर्धास्त झोपतात. त्याच्या यशाची अशीही एक शिक्षा असते. चौतीस वर्षांपूर्वी एका माणसाने चिमटीत धरलेला धडा शिकायला एका तरुणाचा जीव जावा लागला.

स्टॅन्ली कपावर विजयी खेळाडूंची नावे कोरतात, आणि अनेक संघांच्या ट्रेनरांचीही नावे त्यावर आहेत, हे वाचून मला बरे वाटले. पिझुटेलीच्या काळात बफेलोने तो करंडक जिंकला नाही. पण त्याच्या वाट्याला जे आले ते चांदीवर कोरण्याजोगे नव्हतेच. एक माणूस चालतबोलत राहिला, एवढेच.

हे सारे लिहिताना एक गोष्ट मला सारखी टोचत होती. ती सांगितल्याशिवाय लेख पुरा करणे खोटेपणाचे होईल.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सामना रंगला होता. सातवीतला एक मुलगा चढाई करून परतताना आडवा पडला आणि मातीतल्या फुटक्या काचेने त्याचे मनगट चिरले. मी पंच होतो. शिट्टी तोंडात तशीच राहिली. मग भान आले ते प्रथमोपचाराच्या पेटीचे. पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कोणाकडे ते आठवेना. मी कार्यालयाकडे धावलो. किल्ली घेऊन परत येतो तो काय, शाळेचे शिपाईमामा धुळीत बसलेले. खांद्यावरचा पंचा त्यांनी मुलाच्या मनगटावर दाबून धरला होता आणि हात उंच उचलला होता. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पाऊण तास जीपमध्ये ते तसेच बसले. हात बदलला नाही. मुलगा वाचला, आज तो दोन मुलांचा बाप आहे.

त्या साली शाळेचा वार्षिक अहवाल मीच लिहिला. त्यात मी लिहिले, 'शिक्षकवृंदाने प्रसंगावधान राखल्यामुळे मोठा अनर्थ टळला.' वाक्य चांगले जुळले होते. पाहुण्यांनी त्याचे कौतुकही केले. मामा त्या वेळी मागे उभे राहून खुर्च्या मोजत होते.

यंदा दसऱ्याला सोने द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली आहेत. अंगणात नातू सायकल पुसत होता. मी त्यांना ही बर्फावरची सारी हकीकत सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. पिझुटेलीने चिमटी सोडली नाही, हे ऐकल्यावर मान हलवून म्हणाले, "सोडून कसं चालंल, गुरुजी? एकदा धरलं म्हंजे धरलं."

मी चाचरत म्हणालो, "मामा, त्या अहवालात तुमचं नाव राहून गेलं. आता दिवाळी अंकात लिहितोय, त्यात घालतो."

ते थोडा वेळ गप्प राहिले. त्यांना ते आठवत होते, हे मला त्या गप्प राहण्यातून कळले.

मग म्हणाले, "अंकात नको. तिथं मला कोण वळखतं? घालायचंच तर शाळेच्या वहीत घाला. नातू औंदा पाचवीला गेलाय तिथंच."

म्हणून वाचकहो, त्यांचे नाव येथे नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी त्या सालचा अहवाल बाहेर काढला, 'शिक्षकवृंदाने' हा शब्द खोडला आणि वर त्यांचे पुरे नाव लिहून खाली तारखेसह माझी सही केली. आयुष्यभर मुलांच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या; त्या दिवशी पहिल्यांदाच ती शाई माझ्या स्वतःच्या ओळीवर चालली.